हात थांबवणारा माणूस

सेफ्टी मामाजींच्या घरी साधा बल्ब बदलायचा असला तरी दोन माणसं लागत. एक स्टुलावर चढायला आणि दुसरा नुसता पाहायला. दुसऱ्यानं स्टूल धरायचं नाही, बल्ब हातात द्यायचा नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. फक्त पाहायचं. मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नोकरीचा सगळा काळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यात आमच्या मागच्याच गल्लीत घर बांधलं. क्वार्टरची किल्ली परत केली, पण शिस्त परत करायची राहून गेली.

“काम करनाऱ्याचं डोस्कं कामात राह्यते,” ते सांगत. “त्याचा हात थांबवाले दुसरा लागते. एकट्या मानसानं कामाले हातच लावाचा नाही, समजलं?”

मामी होती तोवर हे दुसरेपण तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. माझं साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसताना काहीही न करता बसून राहण्याचा माझा सराव दांडगा. “या कामाले तुयाइतका लायक मानूस अख्ख्या भंडाऱ्यात नाही,” असं मामाजी म्हणत. ते कौतुक आहे असं मी बरेच दिवस समजत होतो.

त्यांच्या दारात एक बांबूची टोपली असे. काम सुरू होण्याआधी खिसे तिच्यात रिकामे करायचे. काडेपेटी, किल्ल्या, फोन, सगळं. एकदा कुकरची रिंग बदलायला बसलो असताना मी म्हणालो, “मामाजी, कुकर आहे हा, बॉम्ब नाही.” ते शांतपणे म्हणाले, “कुकरले सांगून पाह्य.” काम झालं की दुसऱ्या माणसाला आलूबोंडा मिळे. माझ्या पोटाच्या घेराला मामाजींची सुरक्षा बरीचशी जबाबदार आहे.

त्यांचा मुलगा प्रवीण पुण्याला. रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बापाचं तोंड पाहिल्याशिवाय तो चहा घेत नसे. मामाजी त्याला हजेरी म्हणत. एक दिवस ते ॲपच रुसलं. फोनची सिस्टीम फार जुनी झाली, आता चालणार नाही म्हणालं. प्रवीणनं बजावलं, “बाबा, नवा फोन घ्या, नाहीतर सामान बांधा. तुमाले न पाह्यता मी तिथं एकटं नाही ठेवत.”

मामाजी टोपी काढून माझ्या दुकानात येऊन बसले. “फोन तुया मामीनं निवडलेला आहे. घराची जागाही तिनंच निवडली. मी दोन्ही सोडत नाही. सांग, काय करू?”

नवी सिस्टीम त्यांच्या फोनवर आपणहून येतच नव्हती. कंपनीच्या साइटवर मात्र फाइल होती. आपल्या हातानं उतरवायची आणि आपल्याच हातानं चढवायची; चढताना मधेच फोन बंद झाला तर तो कायमचा गेला. रविवारी दुपारी टोपलीत खिसे रिकामे करून मी बैठकीत बसलो. मामाजींनी भिंगातून मॉडेलचा नंबर मोठ्यानं वाचला, फाइलच्या नावाशी जुळवला, परत वाचला. मामीचे सगळे फोटो आधीच पेनड्राइव्हमध्ये गेले होते. बॅटरी काठोकाठ भरलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

फोन काळा झाला. मग कंपनीचं चिन्ह उगवलं आणि तिथंच बसलं. आलूबोंडे गार झाले. चिन्ह काही हलेना.

“अटकला वाटते,” मामाजी पुटपुटले. जन्मभर दारूगोळ्याजवळ ज्यांचा हात नियम सोडून हलला नाही, त्यांचं बोट बाजूच्या बटणाकडे निघालं. “बंद करून पाह्यतो एक डाव.”

“मामाजी, हात नोका लावू.”

“अबे, माया फोन आहे!”

“म्हणूनच.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच धाडस पटेना. मग त्यांनी गपचूप दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि शाळेतल्या पोरासारखे बसून राहिले. मीही बसलो. दोघंही त्या चिन्हाकडे पाहत होतो.

ते लुकलुकलं. टक्के धावू लागले. फोन नव्या रंगात उघडला आणि थोड्याच वेळात त्यात प्रवीणचा चेहरा उमटला. “बाबा, नुसतं कपाळच दिसून राह्यलं. फोन खाली करा!”

मामाजींनी आपल्या वाटचाही आलूबोंडा माझ्या ताटलीत टाकला. “आज तू कामाले आला,” म्हणाले.

सामान बांधायचं राहिलं ते राहिलंच. मामाजी त्या घरात राहिले, आणि मागच्या हिवाळ्यात त्याच घरातून, आपल्याच खाटेवरून गेले. त्या सकाळी हजेरी लागली नाही म्हणून प्रवीणचा पहिला फोन मला आला.

त्यांची टोपली आता आमच्या दारात असते. परवा माझ्या फोनची मोठी अपडेट आली. मी किल्ल्या टोपलीत टाकल्या आणि स्वयंपाकघरातून बायकोला बोलावलं.

“मले त्यातलं काय समजते?” ती हात पुसत आली. “मी काय करू?”

“काही नाही. फक्त बस आन पाह्यत राय. मी भलतंसलतं कराले लागलो तर थांबव.”

तिनं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. “मंग यात नवं काय आहे?” ती म्हणाली. “लग्न झालं तवापासून हेच तर करून राह्यली मी.”