उलटा शिक्का

त्सुकुदा साहेबांच्या फायली मी एकोणतीस वर्षं सांभाळल्या, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तोक्योतल्या आमच्या खात्यात कागद खालून वर जातो. धाकट्यानं मसुदा करायचा, मग प्रत्येक टेबलावर आपापल्या आडनावाचा लाल शिक्का मारून तो पुढं सरकवायचा. सरकवायचा म्हणजे मी न्यायचा. मला शिक्का नव्हता, पाय होते. एक्क्याण्णवच्या वसंतात मिनोहारा गावच्या विहिरींचा कागद निघाला. कारखान्याचं विष पाण्यात उतरलंय हे नमुन्यांत दिसलं होतं. पण मसुदा म्हणत होता, घाई नको, वर्षभर आणखी तपासणी करू, तोवर गावाला कळवू नये.

साहेब तेव्हा छत्तीस वर्षांचे, उपविभागप्रमुख. तो कागद त्यांनी तीन दिवस टेबलावर ठेवला. दुपारी डबा उघडायचे आणि भात तसाच झाकून ठेवायचे. चौथ्या दिवशी शिक्का मारला, पण उलटा, नाव खाली डोकं वर पाय. वरिष्ठाच्या तोंडावर 'हे मला पटत नाही' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. उलटा शिक्का मारतात, समजायचं ते समजतात. विभागप्रमुख इवामींनाही समजलं. पोरगं रुसलंय म्हणून हसले आणि शेजारी आपला सरळ ठोकून मोकळे झाले.

विहिरी वर्षानं बंद झाल्या. तोवर गावातली अकरा माणसं गेली होती.

साहेब चढत गेले, थेट सचिवपदापर्यंत. एकजण सचिव झाला की त्याच्या बॅचमधल्या उरलेल्यांनी राजीनामे द्यायचे ही आमची रीत. शेवटचे तिघे एकाच सकाळी टेबलं आवरून गेले. वर्षाखेरच्या पार्टीत दोन पेले झाले की साहेब माझ्याजवळ येऊन बसत. "नेमोतोबाई, मी उलटा मारला होता हं." हो साहेब, पाहिलाय मी. दर वर्षी हेच, कान किटले माझे.

मग मिनोहारावाल्यांनी तो कागद मागितला. खालच्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं, मुदत संपली, नष्ट केला. साहेबांनी मला विचारलं. कागद माझ्या कपाटात होता. देऊ नका म्हणून सगळं खातं विनवत होतं, तरी त्यांनी गावच्या हातानोबाईंना स्वतः बोलावून घेतलं. त्या अकरांतली सर्वांत लहान, सात वर्षांची मिओ, ती त्यांची मुलगी. खरं सांगते, मला त्या दिवशी साहेबांचा अभिमान वाटला. पण त्यांना काय हवं होतं तेही मला ठाऊक होतं. तुम्ही त्या लोकांतले नव्हता, असं कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं.

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. साहेबांनी बोट ठेवून शिक्का दाखवला, अर्थ सांगितला, ते तीन दिवसही सांगितले. बाईंनी कागद फिरवून नाव वाचलं आणि पुन्हा होता तसा ठेवला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हा लोकांना समजलंच नसेल," त्या हळू म्हणाल्या. "तुम्हाला तर समजलं होतं. त्या तीन दिवसांतही ती तेच पाणी प्यायली, साहेब."

साहेब कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. बाई थांबल्या नाहीत.

महिन्याभरात साहेबांनी राजीनामा दिला. निवृत्तांना मिळते तशी एका कंपनीतली खुर्ची चालून आली होती, तीही नाकारली. आता घरी बसून असतात, बायकोशीसुद्धा बोलत नाहीत म्हणे.

त्या दिवशी हातानोबाईंना लिफ्टपर्यंत सोडायला मी गेले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, मी कुणी नाही, फक्त कागद नेणारी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"वाचता येतं ना तुम्हाला?"

येतं, म्हणाले मी.