ऐकू न येणारा बेस

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यात संगीतावर लिहायचं म्हणजे आगाऊपणा; तो माफ करावा.

गावोगावच्या मंडळांच्या कार्यक्रमांत सागर गातो आणि मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे गाण्याखालचे खर्जातले सूर. बिदागी म्हणून नारळ मिळतो, आई त्याच्या वड्या करते. परवा वाजवताना स्पीकरवर ठेवलेल्या पेल्याकडे लक्ष गेलं. माझ्या प्रत्येक सुराबरोबर त्यातलं पाणी थरथरत होतं. वाटलं, मला आवडणारी सगळी गाणी अशीच आहेत. त्यांच्या तळाशी कुणीतरी मुकाट्यानं उभं असतं.

आमची वाद्यं वडीलच त्यांच्या टेम्पोतून नेतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा नेहमीचा प्रश्न, "सागर गातो ते कळतं. तू काय वाजवतोस? ऐकूच येत नाही." त्या दिवशी मी त्यांना पेला दाखवला.

"मग पाण्यालाच ऐकव," म्हणून ते हसले. मीही हसलो, पण मनाला लागलं.

काल परीक्षेमुळे मी हॉस्टेलवरच राहिलो. कार्यक्रम माझ्याविना झाला. आज सागरचा फोन आला. पहिलं गाणं संपताच अण्णा टेम्पोतून उतरून त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "सागर, आज गाणं जमिनीला टेकत नाही रे."