कानाचं पुढचं मॉडेल

रेडिओमास्तरांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. चाळीस वर्षं त्यांनी दिव्याखाली मान घालून रेडिओ, टेप, टीव्ही आणि अलीकडे मोबाइल दुरुस्त केले. नवं काही घ्यायचं म्हटलं की लोक आधी त्यांना विचारायला येत. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून सांगत, "सहा महिने कळ काढा. याहून चांगलं येतंय." आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे.

कान जड झाले तेव्हाही त्यांनी तेच धरलं. लेकीने पसंत केलेलं मशीन त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. "यात माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकू येईल. पुढचं मॉडेल येऊ दे." पुढचं आलं, तर त्याची बॅटरी सारखी बदलावी लागे. त्याच्या पुढचं आलं, तोवर त्यानंतरच्याची बातमी त्यांनी वाचलेली असे. अशी सहा वर्षं गेली. बायको आधी ओरडून बोलायची, मग खुणांनी, मग कामापुरतंच.

शेवटी लेकीने विचारायचंच सोडलं. एका सकाळी त्यांना दंडाला धरून नेलं, कानात मशीन बसवून घेतलं आणि घराच्या दारात सोडून ती कामावर गेली.

चपला काढतानाच मास्तर थबकले. केवढा आवाज! आत नळ ठिबकत होता. स्वयंपाकघरात बायको पाठमोरी भांडी घासत होती आणि बोलत होती. फोनवर असेल, म्हणून ते थांबले. पण फोन तर खिडकीत पडलेला.

"...आजही जिना चढताना तसंच दुखलं हो. हात पार खांद्यापर्यंत. पण तुम्हाला ओरडून सांगायला दम कुठाय माझ्यात?"

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिच्या हातातलं पातेलं सुटलं. तो आवाज त्यांच्या डोक्यात घणासारखा बसला. भिंतच बोलली असावी तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"कधीपासून दुखतंय?"

"झाले तीन-चार महिने. सांगत होते की."

"कुणाला?"

"तुम्हालाच. रोज."

भांडी तशीच टाकून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. कागदावरच्या रेषा बघून डॉक्टर म्हणाले, "एक झटका येऊन गेलाय यांना. घरात कुणालाच कळलं नाही?"

शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला.

हृदयाची तुंबलेली नळी उघडली आणि आठवड्याने ती घरी आली. आता जिना सावकाश चढते. मास्तर सकाळी जाग आली की चष्म्याआधी मशीन शोधतात. "आता पुटपुटायचीसुद्धा चोरी झाली बाई," असं ती लेकीला हसून सांगते. मास्तरांना मात्र हसू येत नाही. ती नुसती खोकली, तरी ते दचकून वळतात.