आई अंघोळ करतेय

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी तुमच्या अर्विंगच्या घरून व्हिडिओ कॉलवर मला, तुमच्या आजीला, शाळेचा प्रोजेक्ट दाखवलात. बेबी बूमनंतर, साधारण १९६५ ते १९८० मध्ये जन्मलेली पिढी, म्हणजे जनरेशन एक्स. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: गळ्यात किल्ली, रिकामं घर, दुर्लक्षित मुलं. खाली तुमच्या बाबाचा लहानपणचा फोटो. बॅटरी संपली असं सांगून मी कॉल बंद केला. बॅटरी भरलेली होती. मला राग आला होता, अजून आहे.

दुर्लक्षित? तुमचा बाबा लहान असताना मी नोव्हाय गावातल्या वाचनालयात कामाला होते. पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विषयाची चिठ्ठी लावायची नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि इथे कोणीतरी एका सालापासून दुसऱ्या सालापर्यंत रेघ मारून अख्ख्या पिढीवर एकच चिठ्ठी डकवून मोकळं झालं!

तुमचा बाबा शाळेतून तीनला यायचा, मी साडेपाचला. फ्रिजवर माझी यादी असे. दूध, तूप-साखरेची पोळी, मग गृहपाठ. दार उघडायचं नाही. बेल वाजली तर आतूनच सांगायचं, आई अंघोळ करतेय. शेजारीण एकदा मला म्हणाली, "तुम्ही लोक फारच स्वच्छ हं! रोज दुपारभर अंघोळ?"

सोमवारी मी तुमच्या बाबाला फोन केला.

"मी तुझ्याकडे दुर्लक्ष केलं?"

"अगं आई, चिल. त्यांच्या पुस्तकात आहे ते."

"पुस्तकाला नाही, तुला विचारतेय."

"मी घरी आलो की आधी शॉवर सोडून ठेवायचो. बाहेरच्यांना खरं वाटावं म्हणून. मग मलाही वाटायचं, तू आत आहेस."

संध्याकाळी बाथरूम ओली दिसली की मी त्याच्यावर ओरडायचे. पाण्याशी खेळतो म्हणून. का, ते एकदाही विचारलं नाही.

तरीही तो ‘दुर्लक्षित’ शब्द खोडा. ज्याने तो लिहिला त्याने ना माझी यादी पाहिली, ना त्या पोराचा शॉवर ऐकला. फोटोखाली लिहा: हा मुलगा दुपारी घाबरायचा आणि त्याच्या आईला ते कळलं नाही. ही चूक माझी आहे, पिढीची नाही.

टीचरना चाललं नाही, तर मला फोन लावून द्या.