कॅमेऱ्यात न दिसलेलं कोपर

चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. घर परभणीत आणि शाळा ताडकळसच्या पुढच्या एका गावात. एसटीच्या आणि शाळेच्या वेळा कधी जुळल्याच नाहीत. मी एकटी गाडी घेऊन जायला लागले, तशी नवऱ्याने पुढच्या काचेला कॅमेरा बसवून दिला. म्हणाला, "उद्या कुणी उगीच अंगावर आलं, तर हातात पुरावा असावा."

कॅमेरा तसा बेताचाच होता. उन्हाळ्यात काच तापली की चिकटपट्टी सुटून खाली आपटायचा. समोरच्या गाडीचा नंबर दहा पावलांवरूनही त्यात वाचता यायचा नाही. पण रस्ता मात्र या शेतापासून त्या शेतापर्यंत सगळा दिसायचा. कडेचे विजेचे खांब धनुष्यासारखे वाकलेले दिसायचे, त्याची मला गंमत वाटायची. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली होती, ऊस तुटायला लागला होता. दुपारी शाळा सुटल्यावर मी परत येत होते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, ऊस दोन्हीकडून बाहेर लोंबत होता. मी गाडी डावीकडे दाबली. डावीकडे पुढे मोटरसायकलवर एक नवरा-बायको चालले होते. ट्रॅक्टरच्या धडधडाटात मी त्यांच्या बाजूने पुढे गेले आणि मागच्या आरशात पाहते तर मोटरसायकल साइडपट्टीवरून खाली जाऊन आडवी झालेली.

गाडी थांबवून मी धावत गेले. माणूस उठून उभा राहिला होता. बायको खाली बसून डावं मनगट धरून होती.

"बाई, तुमचा आरसा लागला की माझ्या कोपराला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, सांगितल्यासारखं सांगितलं त्याने.

"नाही हो, मी केवढ्या लांबून गेले," मी म्हणाले. आणि तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

बाजूला चहाचं हॉटेल होतं. तिथले आठ-दहा जण गोळा झाले. मी घाबरले. सगळे त्यांच्या ओळखीचे, मी परकी. मी मोबाइल काढला, कॅमेऱ्यातलं मघाचं चित्रण त्यात उघडलं आणि सगळ्यांपुढे धरलं. माझी गाडी आणि मोटरसायकल यांच्यात चांगली ऐसपैस जागा दिसत होती.

हॉटेलवाला वाकून बघत म्हणाला, "अरे, मधून बैलगाडी जाईल एवढी जागा हाय. खोटं कामून बोलायलास?"

मागे कुणीतरी हसलं. त्या माणसाने चित्र पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. "पर मला तर लागलं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"चला आता. गप ऱ्हावा," बायको म्हणाली.

मी त्यांना दवाखान्यात सोडते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता मोटरसायकल उभी करायला लागला.

घरी येऊन गाडी लावली तर डावीकडचा आरसा थोडा आत मुडपलेला. शाळेच्या आवारात कुणाचाही धक्का लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर माझं कशातच मन लागेना. वर्गात हजेरी घेताना एकाच नावाला दोनदा हाक मारली. वरणात दोनदा मीठ पडलं. ते चित्र मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघायची. जागा दिसायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि मोबाइल खाली ठेवला की त्या माणसाचा पुन्हा एकदा बघणारा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. आपल्याच कोपराला लागलेलं खरं की समोर दिसतंय ते खरं, हे त्याला कळेनासं झालं होतं.

नवरा म्हणाला, "मिटलंय ना? आता कशाला उकरून काढतेस?"

"आपलं मिटलंय. त्याचं नाही मिटलं."

रविवारी सकाळी मी शाळेतून आणून ठेवलेली खो-खोचं मैदान आखायची टेप काढली. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर नवऱ्याला स्कूटरवर बसवलं, गाडीपासून बरोबर दोन हात अंतरावर. तो कुरकुरत बसला. मी कॅमेरा सुरू करून गाडी हळूहळू पुढे घेतली. मग दोघांनी मिळून पाहिलं. दोन हातांचे चांगले सात-आठ हात दिसत होते. मग अंतर आणखी कमी केलं. आरसा त्याच्या शर्टाच्या बाहीला घासून गेला, आणि त्याच्या आधीच स्कूटर कडेला वाकून चित्राबाहेर निघूनही गेली होती. बाही नाही, आरसा नाही, काहीच नाही.

नवऱ्याने ते चित्र पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग म्हणाला, "जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून मी त्या नवरा-बायकोच्या मळ्यात गेले. बायको दारात बसली होती, डाव्या हाताला प्लास्टर. रानात कापूस फुटून पांढरा झाला होता आणि तो एकटाच वेचत होता. मला बघून बांधावर आला.

मी सगळं सांगितलं, नवऱ्याच्या बाहीचं चित्रही दाखवलं. "तुमचं खरं होतं. माझाच आरसा लागला. चूक माझी आहे," मी म्हणाले.

तो खाली बघत बोटांतली कापसाची सरकी काढत राहिला. मग म्हणाला, "हात काय, जुळंल. पर त्या हॉटेलावर मी रोज बसतो, बाई. आता काय बी बोललो की म्हणतेत, कॅमेरा आणा रे. लेकराबाळांदेखत म्हणतेत. तेवढं मिटवा."

मी घरून माफी मागायची तयारी करून आले होते. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

संध्याकाळी ऊन उतरताना मी हॉटेलवर गेले. तोही आला आणि बाकाच्या टोकाला बसला. पन्नास पोरांपुढे रोज बोलणारी मी, दहा माणसांपुढे शब्द सापडेनात. बाहीचं चित्र लावून मोबाइल हॉटेलवाल्याच्या हातात दिला.

ते बघून हॉटेलवाला म्हणाला, "म्हंजी कॅमेरा खोटं बोलतो का?"

"खोटं नाही बोलत. पण त्याची नजर फार पसरलेली असते. जवळचं लांब दाखवते आणि गाडीच्या अगदी बाजूला काय झालं ते त्याला दिसतच नाही. ते न बघता मी यांना तुम्हा सगळ्यांपुढे खोटं पाडलं. हे खरं बोलत होते."

एक म्हातारे म्हणाले, "बाई, तुमचं मन लय मोठं हाय." ते ऐकून मला आणखीनच मेल्यासारखं झालं. ज्याला हसले होते त्याच्याशी कुणी बोलायला तयार नव्हतं, आणि मोठेपणा मला मिळत होता. हॉटेलवाल्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने पहिला कप त्या माणसापुढे नेऊन ठेवला आणि म्हणाला, "चुकलं गड्या."

"असू द्या," तो म्हणाला. कप उचलला आणि मला म्हणाला, "बसा बाई. च्या घ्या."

पुढे प्लास्टर काढायला त्याच्या बायकोला मीच परभणीला घेऊन गेले. वाटेत समोरून ट्रॅक्टर आला तशी ती म्हणाली, "थांबा बाई, जाऊ द्या त्याला." मी गाडी कडेला घेऊन थांबले. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही. भाकरी थापता येते, पण लुगडं पिळता येत नाही. ते नवऱ्याला पिळावं लागतं, असं सांगून ती खळखळून हसते. मला अजून तिच्याबरोबर हसता आलेलं नाही.