आईला सांग, आप्पांना सांग

आमच्या मुलीला धारवाडच्या कॉलेजात शेतीच्या पदवीसाठी जागा मिळाली आणि तिनं जायला नकार दिला. ही जागा तिनंच मागितली होती. अभ्यासही त्याच हिशेबानं केला होता. आता प्रवेश पक्का करायची मुदत जवळ आली होती आणि कारण विचारलं की एकच उत्तर मिळे, "मला न्हाय जायचं." जेवण अर्धं टाकून उठायची. डोकं दुखतं म्हणून पडून राहायची.

बायको इथं बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत शिकवते. तिच्या शाळेत कुणीतरी ऑनलाइन समुपदेशनाची माहिती दिली होती. ती तिनं घरी आणली. संध्याकाळी मी टिळकवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत बसलो होतो, ती स्वयंपाकघरात होती. आतून मुलगी आली आणि म्हणाली, "आप्पा, आई म्हणते, माझ्यासाठी समुपदेशकाची वेळ घ्या."

मी म्हटलं, "घेतो म्हणून सांग."

त्या अ‍ॅपवर राज्य निवडायचं होतं. कर्नाटक निवडलं की भाषेत कन्नड आणि इंग्रजी येई, मराठी येत नसे. आम्हाला कन्नड येतं, पण डोकं दुखतं ते मराठीत, असं मुलगी म्हणाली. मग मी महाराष्ट्र निवडला. खोटी माहिती भरायची मला सवय नाही. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, "राहणार बेळगाव, भाषेसाठी महाराष्ट्र निवडला आहे." तो शेरा कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

समुपदेशक बाई सांगलीच्या निघाल्या, वयानं तरुण. पहिल्या दोन वेळा त्या मुलीशी एकटीशी बोलल्या. त्यांचं काय बोलणं झालं हे आम्ही विचारलं, पण त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मुलीच्या संमतीनं आम्हा दोघांनाही बसायला बोलावलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. मुलगी मधे, आम्ही दोन बाजूंना. बाईंनी मला विचारलं, "घरात सगळ्यात जास्त ताण कधी असतो?"

मी हिशेबतपासणीचं काम करतो आणि त्यासाठी आठवड्यातले बरेच दिवस निपाणीला जातो. घरी असतो कमी. म्हणून मुलीला म्हटलं, "आईला विचार बाळ, तिला ठाऊक."

बायको मुलीला म्हणाली, "व्हय, मलाच ठाऊक असणार. आप्पांना म्हणावं, घरात असलं तर दिसंल न्हवं."

मुलगी माझ्याकडे वळली. "आप्पा, आई म्हणते, तिला सकाळी लई गडबड असते."

"थांब," बाई म्हणाल्या. "आई तुझ्या शेजारीच बसल्यात. त्या काय म्हणाल्या ते आप्पांनी ऐकलंय. आणि त्या असं म्हणाल्या नाहीत."

मग मी बाईंना म्हटलं, "तसं असेल तर तुम्हीच विचारा तिला, मॅडम."

त्या हसल्या. "मी पण निरोप नेणार नाही हं."

इथं थोडं सांगायला हवं. निपाणीच्या आमच्या घरात आई-वडील एकमेकांशी कधी समोरासमोर बोलले नाहीत. थोरल्यांच्या देखत नवरा-बायकोनं बोलायचं नाही, हा रिवाज. पाणी तापलं की आई आमच्यापैकी कुणाला तरी म्हणायची, "आंघोळीला या म्हणावं." थोरले गेले तरी तसंच राहिलं. माझं लग्न झालं तेव्हा आम्हीही त्याच घरात राहिलो आणि तसंच शिकलो. बेळगावात वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा ऐकणारे थोरले कुणी नव्हते, पण मुलगी बोलायला लागली होती. आमचं काही भांडण नव्हतं. त्यामुळं यात काही चुकतंय असं कधी मनात आलं नाही.

बाईंनी मुलीला विचारलं, "तू मला सांगितलंस ते इथं सांगशील?"

ती टेबलाकडं बघत म्हणाली, "मी गेल्यावर ह्यांचं कसं? मी कधी जसंच्या तसं सांगतच न्हाय. मागं मामाच्या घरच्या लग्नाला आई म्हणालेली, 'हौस असली तर या म्हणावं, न्हायतर निपाणीतच बसा.' मी आप्पांना सांगितलं, 'आई म्हणते, जोडीनं जाऊया.' आप्पा म्हणाले, 'तिच्या माणसांत माझं काय काम?' मी आईला सांगितलं, 'आप्पांना सुट्टी न्हाय.' असं रोज. मी न्हाय तर कोण सांगणार?"

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "सुट्टी न्हवती ना तुम्हाला?" मुलीला मधे न घेता ती थेट मला बोलली, ते बहुधा रागातच.

दुसऱ्याच्या कागदांवर मूळ पावती बघितल्याशिवाय मी सही करत नाही. घरात मात्र इतकी वर्षं मुलीनं दुरुस्त केलेलंच ऐकत आलो होतो आणि संसार बरा चाललाय असं समजत होतो.

बाईंनी एवढंच सांगितलं की पुढच्या भेटीपर्यंत मुलीनं एकही निरोप न्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मला माझा निळा शर्ट सापडेना. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. हाक काय मारायची ते कळेना. नावानं कधी हाक मारली नव्हती.

"ऐकलंस का?"

"कुणाला म्हणताय?"

"हितं दुसरं कोण हाय?"

"मग तोंड हिकडं करून बोला की. कपाटाशी बोलल्यागत काय बोलताय?"

शर्ट दोरीवर होता. तिथंच संपलं असतं, पण ती म्हणाली, "आता बोलताच हाय तर त्या लग्नाचं पण बोला." मग आम्ही लग्नाचं बोललो, त्याच्याआधीच्या बारशाचं बोललो, सुट्टीच्या दिवशीही मी निपाणीला का जातो यावर बोललो. आवाज चढले. ती म्हणाली, "माझी माणसं तुम्हाला जड होतात." मी म्हणालो, "तुझा भाऊ मला दारातनंच परतवतो." हे मी पहिल्यांदाच तिच्यासमोर म्हणालो. ती थांबली. "हे मला कधी का सांगितलं न्हाय?" मी म्हणालो, "सांगितलेलं. पोरीकडनं."

मुलगी शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं. ती बाहेर येईल म्हणून आम्ही दोघंही दाराकडं बघत होतो. ती आली नाही. मला वाटलं, झालं. हे ऐकल्यावर ही पोरगी आता कुठली जाते धारवाडला?

बायकोनं भाकरी वाढली. मी जेवलो. भावाचं ती बघते म्हणाली, आणि पुढच्या कार्याला मी येतो म्हणालो. मग मुलगी ताट घेऊन येऊन बसली. तिनं भाजी वाढून घेतली. नंतर म्हणाली, "मला वाटायचं, मी मधे नसले तर तुम्ही मोडाल. नुसतं भांडलात की."

"मग काय करायचं हुतं?" बायको म्हणाली.

"काय न्हाय. भाकरी दे." आणि अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाली, "आप्पा, उद्या धारवाडला जाऊन प्रवेश घेऊया."

ती आता हॉस्टेलवर आहे. समुपदेशक बाईंशी महिन्यातून एकदा बोलते. आम्ही दोघंही अधूनमधून बसतो. मुलीला हॉस्टेलवर सोडून परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. कित्तूर आलं. मग मी म्हणालो, "चहा घेऊया."

"मला नको."

"मला पाहिजे."

"मग तसं म्हणा की," ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली.