परिशिष्ट वाचणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई कुठलाही कागद शेवटून वाचायच्या. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी. आधी मागची बाजू. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं नेमणूकपत्र हातात घेतलं, थेट शेवटचं पान काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला दोन वर्षं क्वार्टर नाही. शेवटच्या कलमात आहे. पहिल्या पानावर काय, नुसतं अभिनंदन असतं." आर. के. पुरमला घर मिळणार, असं मी सासूबाईंना पुण्याला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

एका केंद्रीय खात्याच्या करार कक्षात आम्ही दोघी होतो. मार्था साळवे त्यांचं पूर्ण नाव. वडील नगर जिल्ह्यातून दिल्लीला छापखान्यात खिळे जुळवायला आले आणि इथलेच झाले. बाईंचा जन्म दिल्लीचा. लग्न केलं नाही. मयूर विहारच्या सोसायटीत एकट्या राहायच्या, मेट्रोने यायच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि डब्यात बारा महिने शेंगदाण्याची चटणी आणायच्या. साहेबांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्हींची मिसळ.

दोन देशांत करार व्हायचा असला की सहीची प्रत जाड कागदावर छापतात, फितीत ओवतात, वर लाखेचा शिक्का बसतो. त्याआधी आमचं काम, मिलान. एकीने मंजूर मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापील प्रतीवर फूटपट्टी सरकवत जायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. सगळं जुळलं की चिठ्ठीवर लिहायचं, 'मिलान किया, सही पाया', आणि खाली सही. त्या चिठ्ठीशिवाय लाख वितळत नसे. करार जुना असून त्याचं नूतनीकरण असेल, तर बाई टेबलावर आणखी एक गोष्ट ठेवायच्या, जुना करार. हे नियमात कुठेही नव्हतं. मी एकदा तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "अगं, पुढची पानं सही करणाऱ्यांची असतात. मागची पानं ज्यांना भोगायचंय त्यांची. त्यांच्या बाजूने कोणीतरी वाचायला नको?"

त्यांच्या निवृत्तीला चार-पाच महिने उरले असताना तो करार आला. डोंगराळ सरहद्दीचा होता. सरहद्द आखली गेली तेव्हा तिथल्या मेंढपाळ-याकपाळ लोकांची घरं एका देशात राहिली आणि कुरणं दुसऱ्या देशात गेली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण जुन्या करारात कुणा शहाण्याने एक परिशिष्ट जोडलं होतं: अमुक अमुक गावांच्या रहिवाशांना उन्हाळ्यात चराईसाठी आणि आपल्या देवाच्या पूजेसाठी पलीकडे जाता येईल. त्याच कराराचं नूतनीकरण होतं. पाहुणे शुक्रवारी येणार होते, आणि हा गुरुवार होता.

मुख्य करार वाचून झाला तेव्हा पाच वाजून गेले होते. मुलाला पाळणाघरातून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मॅडम, परिशिष्ट मसुद्याशी जुळतंय, मी सकाळी पाहिलं. यादी जुनीच आहे."

"वाच."

मी तोंड वाकडं करून गावांची नावं वाचू लागले. बाईंची फूटपट्टी या वेळी जुन्या करारावर होती. अर्ध्या यादीत ती थांबली. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. जुन्या यादीत एकोणीस गावं होती, नव्या यादीत अठरा.

आम्ही साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्याने फाईल चाळली. "नए सर्वे में लिखा है, वहाँ कोई रहता ही नहीं।"

"सर्वे किस महीने में हुआ, सर?"

"जनवरी।"

"जनवरी में वहाँ कौन रहेगा? बर्फ़ रहेगी। लोग मई में ऊपर जाते हैं।"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मैडम, आपका काम मसौदे से मिलान करना है। मसौदे से मिल रहा है ना? दो मुल्कों की बात है, एक गाँव के लिए रोकेंगी?"

"मैं रोक नहीं रही, सर। गिन रही हूँ।"

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, 'मिलान किया, सही नहीं पाया.' खाली सही केली नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेल्या. साहेबांनी ती फाडली, कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आप कर दीजिए।"

मी केली. खोटं काही लिहिलं नव्हतं. मसुद्याशी प्रत जुळत होतीच. माझी नोकरी कायम व्हायची होती. ही कारणं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आले आहे आणि त्यातलं एकही मला पटलेलं नाही. शुक्रवारी सह्या झाल्या, हस्तांदोलनं झाली, फोटो निघाले.

सोमवारी बाईंसमोर जायची मला लाज वाटत होती. त्या बोलतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी डबा उघडला, चटणी माझ्या पोळीवर घातली आणि म्हणाल्या, "तू सही केलीस, ठीक. झालं ते झालं. आता शनिवारी माझ्याबरोबर गाझियाबादला चल."

गाझियाबादला यांगचेन राहायची. एका इस्पितळात नर्स होती आणि त्याच गाळलेल्या गावची होती. बाईंनी तिला कुठून शोधलं, ते विचारलं तर म्हणाल्या, "लोक असतात, यार. शोधायचं म्हटलं तर सापडतात." यांगचेनच्या एका खोलीच्या घरात आम्ही खारट चहा प्यायलो. तिला अजून काही माहीतच नव्हतं. बाईंनी शांतपणे सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. "मई में बाबा ऊपर जाएँगे। हर साल जाते हैं। किसी ने पकड़ लिया तो?" मग तिने ट्रंकेतून आजोबांचा चराईचा परवाना काढला. कापडात गुंडाळलेली, कोपरे झिजलेली वही होती ती. पानोपानी दोन्ही देशांचे शिक्के, दरसाल, आणि सगळे उन्हाळ्याचे. बाईंनी तीही वही मागून पुढे वाचली.

परतताना मेट्रोत मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढं का करता?" त्या म्हणाल्या, "आमच्या आजोबांचं गाव धरणात गेलं. उठवायच्या आधी यादी केली, पण गावाची. आमची वस्ती वेशीबाहेर. गावात कधी घेतली नव्हती, तर यादीत कशी घेणार? पाणी मात्र तिथेही आलं." पुढे त्यांनी हा विषय कधीच काढला नाही.

बाईंनी टिपण तयार केलं: दोन्ही देशांनी पत्रांची देवाणघेवाण करून परिशिष्ट दुरुस्त करावं. सोबत परवान्याच्या पानांच्या प्रती. फाईल वर गेली आणि 'चर्चा करें' असा शेरा घेऊन खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. बाई रोज सकाळी साडेनऊला फाईल छातीशी धरून साहेबांच्या दाराशी उभ्या राहायला लागल्या. शिपाई स्टूल द्यायचा. त्या बसत नसत. "बसलेल्या माणसाला चहा पाजतात," म्हणायच्या, "उभ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं." टिपणाखाली त्यांची सही होती. एके दिवशी मी तिच्याशेजारी माझीही केली. त्यांनी पाहिलं आणि फाईल बंद केली.

मार्च उजाडला. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "मैडम, अगले साल की बैठक में देख लेंगे।"

"सर, मई में बर्फ़ पिघलेगी। याक सूची पढ़कर नहीं चरते।"

साहेबांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी फाईल ओढून घेतली. पत्र पलीकडे गेलं. त्याचं उत्तर यायच्या आत बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. एप्रिल संपता संपता पलीकडून होकार आला. मी पत्राची प्रत घेऊन मयूर विहारला पळत गेले. बाईंनी ती उलटी केली, यादी मोजली. एकोणीस. "चलो," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. उठताना त्यांना धाप लागली, ती मी प्रथमच पाहिली.

पावसाळा सरेपर्यंत त्या अंथरुणाला खिळल्या. यांगचेन शनिवारी येऊन त्यांचं अंग पुसायची, औषधं लावून ठेवायची. एका शनिवारी तिने वडिलांनी पाठवलेला फोटो आणला. पलीकडच्या कुरणात सगळं गाव उभं होतं, मागे याक आणि देवाचे दगड. मी फोटो बाईंच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी हातानेच खूण केली, उलटा कर. मागे यांगचेनच्या वडिलांनी फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं, तान्ह्या मुलांचंसुद्धा. बाईंनी बोट ठेवत ठेवत नावं वाचली. मग फोटो सुलटा करून डोकी मोजली. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

त्यांनी पेन मागितलं. मी मनगटाला आधार दिला. नावांच्या खाली त्यांनी लिहिलं, 'मिलान किया, सही पाया.' आणि जी सही त्या गुरुवारी साहेबांच्या टेबलावर केली नव्हती, ती केली.

पुढच्या शनिवारी बाई नव्हत्या. फोटो यांगचेनने पुढच्या वर्षी मे महिन्यात वर नेला. फूटपट्टी माझ्याकडे आहे.